गोव्यात नवीन आलात? आधी आपलं आरोग्य केंद्र गाठा

नोकरीसाठी, धंद्यानिमित्त किंवा लग्न होऊन गोव्यात राहायला आलेल्या मराठी माणसाला आजारपणात एकच नाव ठाऊक असतं: बांबोळी. ताप आला, चला बांबोळीला. मुलाच्या अंगावर पुरळ उठलं, बांबोळीला. बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज, म्हणजे इथल्या वर्तमानपत्रांतलं ‘गोमेकॉ’, हे मोठं इस्पितळ आहेच, आणि गोव्यातल्या वैद्यकीय शिक्षणाची परंपरा १८४२ पर्यंत मागे जाते. पण साध्या तापासाठी पेडण्याहून किंवा काणकोणहून तिथे जायचं, रांगेत अर्धा दिवस घालवायचा आणि घराजवळच मिळाली असती तीच गोळी घेऊन परतायचं, यात रुग्णाचे हाल होतात आणि खऱ्या गंभीर रुग्णाची जागाही अडते. म्हणून नवीन माणसाला माझं पहिलं सांगणं हेच असतं की सामान लावून झालं की त्याच आठवड्यात आपल्या भागाचं आरोग्य केंद्र बघून या. आजारी पडायची वाट बघू नका.

पहिलं काम: केंद्र कुठलं ते शोधा

गोव्यात प्रत्येक गाव कुठल्या ना कुठल्या आरोग्य केंद्राच्या हद्दीत येतं. गावात उपकेंद्र, त्याच्या वर प्राथमिक आरोग्य केंद्र, काही ठिकाणी खाटा असलेलं सामाजिक आरोग्य केंद्र (वाळपई, डिचोली, पेडणे, कुडचडे, काणकोण) आणि पणजी, म्हापसा, मडगाव, वास्को या शहरांत नागरी आरोग्य केंद्र. त्याच्या वरची पायरी म्हणजे उत्तरेत म्हापशाचं आणि दक्षिणेत मडगावचं जिल्हा इस्पितळ. जुनी माणसं म्हापशाच्या इस्पितळाला अजून ‘आझिलो’ आणि मडगावच्या इस्पितळाला ‘हॉस्पिसियो’ म्हणतात, तेव्हा रिक्षावाल्याने तसं म्हटलं तर गोंधळू नका. फोंड्याला आणि वास्कोजवळ चिखलीला उपजिल्हा इस्पितळं आहेत. बांबोळी या सगळ्यांच्या वर.

महाराष्ट्रातून आलेल्या बायका पहिल्यांदा ‘इथली आशाताई कोण?’ असं विचारतात. गोव्यात आशा कार्यकर्त्यांची व्यवस्था नाही. इथे हा दुवा म्हणजे अंगणवाडीची बाई, उपकेंद्रातली नर्स आणि केंद्राचे आरोग्य कर्मचारी. दारावर कुणी येईल म्हणून थांबलात तर ओळख व्हायला वेळ लागेल. त्यापेक्षा अंगणवाडीत किंवा पंचायतीत जाऊन ‘आमचा वाडा कुठल्या केंद्राखाली येतो?’ एवढं विचारा. तिथे लगेच सांगतात.

केंद्रावर गेलात की चार गोष्टी विचारून घ्या: बाह्यरुग्ण विभाग किती वाजता सुरू होतो आणि केसपेपर किती वाजेपर्यंत काढतात, लसीकरण कुठल्या वारी असतं, रात्री डॉक्टर असतात की नाही, आणि रक्ताच्या कुठल्या तपासण्या तिथेच होतात. केंद्राचा फोन नंबर घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये टाका. रात्री डॉक्टर नसतील, तर रात्री जवळ काय उघडं असतं हेही तिथेच विचारा. कित्येकांना हे पहिल्यांदा कळतं ते मूल तापाने फणफणत असताना, रात्री दोन वाजता.

भाषेची काळजी करू नका. डॉक्टर, नर्स, औषधाच्या खिडकीवरचा माणूस, सगळ्यांना मराठी समजतं. तुम्हाला कोंकणी येत नसेल तर सरळ मराठीत बोला.

कागदपत्रं

हा भाग कंटाळवाणा आहे, पण इथेच सगळ्यात जास्त लोक अडतात. २०१८ पासून गोमेकॉमध्ये गोव्याबाहेरच्या रुग्णांकडून उपचारांचं शुल्क घ्यायला सुरुवात झाली. सिंधुदुर्गातल्या लोकांना त्याची झळ सर्वांत जास्त बसली, कारण बांदा-दोडामार्गचा माणूस पिढ्यान्‌पिढ्या बांबोळीलाच येत आला आहे. तुम्ही गोव्यात राहत असाल आणि तुमच्या आधारवर पत्ता अजून कोल्हापूरचा असेल, तर खिडकीवरच्या माणसासाठी तुम्ही कोल्हापूरचेच. म्हणून भाडेकरार झाला की आधारवरचा पत्ता बदलायला टाका. नंतर मतदार ओळखपत्र आणि रेशनकार्ड.

गोवा सरकारची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना २०१६ मध्ये सुरू झाली. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि चार किंवा अधिक माणसांच्या कुटुंबाला चार लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण तिच्यात मिळतं. पण त्यासाठी गोव्यात पाच वर्षं वास्तव्य लागतं. म्हणजे आज आलेल्याला ती आज मिळणार नाही. वास्तव्याचा पुरावा मात्र आजपासून जमवायला लागा: भाडेकरार, वीजबिल, मुलांच्या शाळेचे दाखले. पाच वर्षांनी हे कागद शोधत फिरणं फार जड जातं.

तोपर्यंत काय? तुमच्याकडे गावी काढलेलं आयुष्मान कार्ड असेल तर ते सोबत ठेवा. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतची ती केंद्र सरकारची योजना राज्याची हद्द मानत नाही. योजनेत असलेल्या देशातल्या कुठल्याही इस्पितळात ती चालते, तेव्हा भरती होण्याआधी इस्पितळाच्या आयुष्मान कक्षात कार्ड दाखवून खात्री करा. घरात सत्तरी ओलांडलेले आई-वडील असतील तर २०२४ पासून त्यांना उत्पन्न न बघता हे कार्ड मिळतं. ते आधी काढा.

आणि एक नीट लक्षात ठेवा. हिवताप, क्षयरोग, कुष्ठरोग, एचआयव्ही, बाळांचं लसीकरण हे राष्ट्रीय कार्यक्रम आहेत. ते कुठल्याही राज्याच्या माणसाला मोफत असतात. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर ‘आमचं कार्ड इथलं नाही’ म्हणून घरी बसू नका. थुंकीची तपासणी आणि क्षयरोगाची पूर्ण औषधं केंद्रातच मिळतात, शिवाय उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी महिन्याला हजार रुपये बँक खात्यात जमा होतात.

ताप आला तर

गोव्यात ताप म्हटला की पहिला नियम एकच: रक्त तपासा. औषधाच्या दुकानातून गोळी घेऊन दोन दिवस बघू, हे इथल्या पावसाळ्यात चालत नाही, कारण एकाच महिन्यात इथे हिवताप, डेंग्यू आणि लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) असे तीन वेगळे ताप फिरत असतात. सुरुवातीला तिन्ही सारखेच दिसतात, उपचार मात्र तिघांचे वेगळे.

डेंग्यूचं आधी सांगतो. तापाच्या पहिल्या पाच दिवसांत एनएस-१ ही तपासणी करतात, त्यानंतर प्रतिपिंडांची. ताप उतरवायला फक्त पॅरासिटामॉल घ्या. ॲस्पिरिन, ब्रुफेन, कॉम्बिफ्लाम घेऊ नका, त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. आणि धोका ताप चढताना कमी, उतरताना जास्त असतो. तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या मध्ये ताप गेला म्हणून घरची माणसं निर्धास्त होतात, नेमकं त्याच वेळी पोटात जोरात दुखणं, थांबत नाहीत अशा उलट्या, हिरड्यांतून रक्त, हातपाय गार पडणं, गळून जाणं सुरू होऊ शकतं. यातलं एकही दिसलं तर केंद्राची वाट न धरता थेट जिल्हा इस्पितळ.

डेंग्यूचा डास दिवसा चावतो आणि स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो. गोव्यातल्या घराभोवती त्याला जागा भरपूर. पावसाआधी कौलांवर आणि पडवीवर निळं प्लास्टिक घालतात, त्याच्या चुणीत पाणी साठतं. माडाखाली पडलेल्या करवंट्या, पोफळीच्या गळलेल्या पोयी, कुंड्यांखालच्या बश्या, गॅरेजबाहेरचे टायर, नळाला पाणी नसतं म्हणून भरून ठेवलेले ड्रम. आठवड्यातून एक दिवस ठरवा आणि हे सगळं उलटं करा. ड्रम रिकामा करून चालत नसेल तर रात्री टॉर्च घेऊन त्यात बघा. उजेड पडला की पाण्याच्या वरच्या थराला लटकलेल्या बारीक काड्या वळवळत खाली जातात. त्याच अळ्या. पाणी ओतून टाका आणि ड्रमची आतली बाजू काथ्याने घासा, कारण अंडी कडेला चिकटलेली असतात आणि सुकली तरी महिनोन्‌महिने टिकतात. नुसतं पाणी बदलून उपयोग नाही. हे घासायचं काम बहुतेक जण टाळतात, आणि पुढच्या आठवड्यात त्याच ड्रममध्ये पुन्हा अळ्या.

हिवतापाचं नातं बांधकामाशी आहे. १९८० च्या दशकात पणजीत इमारती उभ्या राहू लागल्या आणि स्लॅबवर, टाक्यांत साठवलेल्या पाण्यात हिवतापाचा डास वाढला. तेव्हापासून गोव्यात बांधकाम मजुरांना आरोग्य कार्ड काढावं लागतं आणि त्यासाठी त्यांची रक्ततपासणी होते. हे कार्ड काढून देणं ही ठेकेदाराची जबाबदारी आहे. तुम्ही साइटवर सुपरवायझर म्हणून आला असाल तर मजुरांना केंद्रावर घेऊन जाणं हे तुमचंच काम समजा. औषध मोफत आहे. फक्त गोळ्यांचा कोर्स पूर्ण करायला हवा, बरं वाटलं म्हणून तिसऱ्या दिवशी सोडायचा नाही. एका प्रकारच्या हिवतापात जंतू यकृतात दडून राहतात आणि त्यासाठीच्या गोळ्या चौदा दिवसांच्या असतात.

लेप्टो शेतातून आणि गटारातून येतो. उंदरांच्या मुतामुळे दूषित झालेलं पाणी पायाच्या जखमेतून आत शिरतं. लावणीच्या दिवसांत चिखलात उतरायचं असेल तर गमबूट घाला, जखम झाकून घ्या, आणि ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं हे दिसलं की डॉक्टरांना ‘शेतात उतरलो होतो’ हे न विचारता सांगा. या एका वाक्याने उपचाराची दिशा बदलते.

सत्तरी तालुक्यात असाल तर माकडताप

हे वेगळं लिहितो, कारण वाळपई-सत्तरीच्या बाहेर फारसं कुणी सांगत नाही आणि काजूच्या दिवसांत बागायतीत कामाला येणारे बरेच जण बाहेरचे असतात. माकडताप म्हणजे क्यासनूर फॉरेस्ट डिसीज. १९५७ मध्ये कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात तो पहिल्यांदा ओळखला गेला. गोव्यात २०१५ मध्ये सत्तरीतल्या पाली गावात त्याने माणसं दगावली. पुढे तो शेजारच्या दोडामार्ग-बांदा भागातही दिसला.

हा ताप पसरवते गोचीड. माकडाकडून माणसाला तो थेट होत नाही, आणि माणसाकडून माणसाला नाही. डिसेंबरपासून मे महिन्यापर्यंत गोचिडीची पिल्लं जंगलातल्या पालापाचोळ्यात असतात आणि काजूचा हंगामही नेमका त्याच काळात येतो. बोंडू गोळा करायला माणूस वाकतो, झाडाखाली बसून भाकरी खातो, पाचोळा भरून घरी आणतो. पिल्लं खसखशीच्या दाण्याएवढी असतात, चावलेली कळतही नाहीत.

म्हणून बागायतीत जायच्या आधी पायांना, हातांना, मानेला गोचीड पळवणारं तेल लावा. सत्तरीतल्या केंद्रातून ते मिळतं, डीएमपी तेल म्हणून विचारा. पूर्ण बाह्यांचा शर्ट, पायघोळ पँट आणि तिचे तळ मोज्यांत खोचलेले. झाडाखाली बसायचं तर पाचोळ्यावर नको. घरी आल्यावर कपडे थेट गरम पाण्यात टाका आणि अंघोळ करताना काखा, जांघा, कानामागची जागा, गुडघ्याची मागची बाजू चाचपून बघा. गोचीड चिकटलेली दिसली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. चिरडू नका, जाळू नका.

रानात माकड मेलेलं दिसलं तर जवळ जाऊ नका, कारण त्याच्या अंगावरच्या गोचिडी तिथेच आसपास पसरतात. आरोग्य केंद्राला किंवा वनखात्याला कळवा. आणि हंगामात एकाएकी जोराचा ताप, कपाळ ठणकणं, अंग मोडून येणं असं झालं तर वाळपईला जाऊन ‘काजूत काम करतो’ म्हणून सांगा. या तापावर नेमकं औषध नाही, पण लवकर भरती झाल्यावर सलाइन आणि रक्तस्रावावरची देखरेख यांनी माणूस वाचतो. घरी काढे पीत बसलेल्याचं नुकसान होतं.

चावा: कुत्रा आणि साप

रेबीजच्या बाबतीत गोव्याने खरंच मोठं काम केलं आहे. २०१४ पासून कुत्र्यांचं लसीकरण घरोघर, गल्लोगल्ली चाललं आणि २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झालं. तरी कुत्रा, मांजर, माकड चावलं तर लस सोडायची नाही. आधी नळाखाली साबण लावून पंधरा मिनिटं जखम धुवा. घड्याळ लावून पंधरा मिनिटं, कारण हे धुणं म्हणजे निम्मा उपचार आहे. हळद, चुना, तिखट लावू नका. मग केंद्र. सरकारी इस्पितळात लस मोफत आहे. पहिला डोस त्याच दिवशी, नंतर तिसरा, सातवा दिवस आणि पुढचे, डॉक्टर कार्डावर लिहून देतात तसे. जखम खोल असेल, रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत द्यायचं वेगळं इंजेक्शन लागतं, त्यासाठी मोठ्या इस्पितळात पाठवतील. नाही म्हणू नका.

साप चावला तर काय करायचं नाही हे आधी: दोरी बांधायची नाही, ब्लेडने कापायचं नाही, तोंडाने चोखायचं नाही, देवळात किंवा मांत्रिकाकडे न्यायचं नाही. माणसाला स्थिर ठेवा, चावलेला हात किंवा पाय फळीला सैल बांधून हलू देऊ नका, अंगठी, बांगड्या, पैंजण काढा, चावल्याची वेळ लिहून ठेवा आणि १०८ ला फोन करा. साप मारून सोबत आणायची गरज नाही. मण्यारीचा चावा विशेष लक्षात ठेवा: तो रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला होतो, दुखत नाही, सूजही येत नाही. पहाटे पोटात दुखायला लागतं, पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं. शेडमध्ये जमिनीवर झोपणाऱ्या कामगारांनी मच्छरदाणी गादीखाली नीट खोचून झोपावं. डास आणि मण्यार दोन्ही बाहेर राहतात.

१०८ ला काय सांगायचं

गोव्यात १०८ ची सेवा २००८ पासून आहे आणि चांगली चालते. अडचण पत्त्याची होते. इथे ‘अमुक गल्ली, तमुक नंबर’ असं फारसं नसतं. घर क्रमांक, वाड्याचं नाव, गाव आणि जवळचं देऊळ, कपेल (छोटं चर्च) किंवा बार, एवढं सांगायचं असतं. हे एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दाराच्या आत चिकटवा. घाबरलेल्या माणसाला स्वतःच्या वाड्याचं नाव आठवत नाही, आणि घरी एकटी राहिलेली आई तर नवीनच असते. रात्र असेल तर एकाने बॅटरी घेऊन मुख्य रस्त्यावर उभं राहावं.

छातीत दाब येणं, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम असं झालं तर गाडी काढून थेट बांबोळीची वाट धरू नका. सगळ्यात जवळच्या सरकारी इस्पितळात जा. गोव्यात ‘स्टेमी’ नावाची व्यवस्था आहे: तिथे काढलेला ईसीजी गोमेकॉतल्या हृदयरोगतज्ज्ञांकडे जातो, आणि गुठळी विरघळवणारं महागडं इंजेक्शन लागत असेल तर तिथेच मोफत देऊन मग रुग्णाला बांबोळीला हलवतात. काणकोण ते बांबोळी हा रस्ता हृदयाला परवडणारा नसतो.

बाळ, गर्भवती आणि साखर

मुलाचं लसीकरण कार्ड गावाहून न विसरता आणा. इथून पुढचे डोस त्यावरून चालू होतात, पहिल्यापासून पुन्हा सुरू करावे लागत नाहीत. कार्ड हरवलं असेल तरी केंद्रावर जा, नर्स वयावरून हिशेब लावते. गरोदरपणात तिसरा महिना संपायच्या आत नाव नोंदवा, मग बाळंतपण माहेरी करायचं ठरलं असलं तरी. बाळाचा जन्म इथे झाला तर २१ दिवसांच्या आत पंचायतीत किंवा पालिकेत नोंद होईल याची खात्री करून घ्या.

साखरेबद्दल मात्र थोडं थांबून वाचा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मधुमेहाचं सर्वांत जास्त प्रमाण गोव्यात आढळलं: २६.४ टक्के. म्हणजे चार प्रौढांमागे एक. तुमचं वय तिशीच्या पुढे असेल तर केंद्र बघायला जाल त्याच दिवशी साखर आणि रक्तदाब मोजून घ्या. मधुमेह आधीपासून असेल तर जुने कागद घेऊन जा, गोळ्या आणि इन्सुलिन सरकारी केंद्रातून मिळतं. दर महिन्याला खासगी दुकानात पैसे घालवायची गरज नाही.

एकटे राहत असाल तर

वेर्ण्याला किंवा कुंडईच्या कारखान्यांत कामाला आलेली कितीतरी तरुण मुलं खोलीत चौघं-पाचजण राहतात, घर लांब, पाळी रात्रीची, आणि गोव्यात दारू स्वस्त. झोप न लागणं, सतत उदास वाटणं, पिणं हाताबाहेर जाणं याला लाजायचं कारण नाही. १४४१६ हा टेली-मानसचा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि त्यावर मराठीत बोलता येतं. बांबोळीला मनोविकार संस्थेत बाह्यरुग्ण विभाग आहे, तिथे व्यसनावरही उपचार होतात. रोज पिणाऱ्याने मात्र मनानेच एका रात्रीत दारू तोडू नये. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरणं, भास होणं, फिट येणं असं होऊ शकतं आणि ते जिवावर बेततं. सोडायची ठरवली की आधी डॉक्टरांकडे जा, ते पहिले काही दिवस गोळ्यांच्या आधाराने काढून देतात. खोलीतल्या मित्राला असं होताना दिसलं तर झोपून बरं वाटेल म्हणून सोडून देऊ नका, १०८ बोलवा.